दर्यानं परत केलेला नारळ

ये गं विमल, अशी जवळ सरक. तू वाईला तुझ्या सासरच्या सोप्यात बसून हे वाचशील, मी इकडं पलूसच्या अंगाला आमच्या पडवीत बसून लिहितेय, तरी जवळच सरक. लांबून ऐकलं की काय होतं, ते तू दाखवलंसच. तुला कुणीतरी सांगितलं की मावशी आणि ती मेंढरंवाली तानू, दोघी पाठीला पोती बांधून गोव्याला मजा मारायला गेल्या. आणि तू ऐकून घेतलंस! वर माणसाबरोबर निरोप धाडलास, "मावशी, ओटीला यायचं लय मनात हाय, पण त्या दिवशी त्या बाईला लांब ठेव." अगं, ह्याच मावशीच्या मांडीवर बसून काकवी चाटत मोठी झालीस आणि एवढं बोलायला तुला मध्ये माणूस लागला? कान उपटायला पाहिजे तुझा. पोटुशी आहेस म्हणून सोडते, आणि झालं ते पहिल्यापासून सांगते. तुमच्या सोप्यात ज्यांनी समुद्र बघितला नाही त्यांनीही ऐका. मी शाळेची पायरी चढलेली नाही. ह्यांची पलटणीतनं येणारी पत्रं दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून घरच्या घरी अक्षरं शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

तानू कोण, ते आधी. ती आटपाडीकडची, कोरड्या मुलखातली. दिवाळी झाली की तिच्या घरची मेंढरं आमच्या नदीकाठाला उतरायची आणि आमच्या रानात बसायची. लेंडीखतानं रानाला ताकद येते, त्याच्या बदल्यात आपण धान्य द्यायचं, अशी रीत. मेंढरं बसायची रानात आणि तानू बसायची माझ्या चुलीपाशी. तिनं मला घोंगडीची लोकर कातायला शिकवली, मी तिला पुरण वाटायला. मला ती आक्का म्हणते, ह्यांना दाजी. अशी वर्षं गेली.

मग तो मोठा दुष्काळ पडला. कळप गेला. तानू नवऱ्यासकट आमच्या वस्तीवर येऊन राहिली आणि खडी फोडायच्या कामाला जाऊ लागली. त्याच उन्हाळ्यात तिच्या बिराला हगवण-वांती सुरू झाली. मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा, पण मुटकुळं करून गाडीत घालावा लागला. आम्ही त्याला मिरजेला दवाखान्यात नेत होतो. नदी ओलांडताना तानूनं खाली बघितलं. पात्रात डबकीच उरली होती. तिनं त्या डबक्यांना हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, माझं पोर राख. भरल्या पाण्यात येऊन तुझी ओटी भरीन."

पोर वाचलं. पुढं पाऊस आला, नदी भरली. पण नदी भरायच्या आधी तानूचा नवरा तापानं गेला.

आता सांग विमल, नवस बोलला तेव्हा तानू सवाशीण होती. फेडायच्या वेळी नव्हती. यात तिचा काय गुन्हा? खण, नारळ, बांगड्या, हळद-कुंकू सगळं सुपात मांडून आम्ही दोघी घाटावर गेलो, तर ठकूकाकी पायरीवर आडवी उभी राहिली. आमच्या गावात कुणाचं बारसं कसं करायचं आणि कुणाचं मयत कसं, हे ठकूकाकी ठरवते. ती म्हणाली, "तानू, तुझ्या हातची ओटी नदीला चालत न्हाई. गावावर संकट आणतीस व्हय?"

मी म्हणाले, "काकी, नदीनं तुझ्या कानात येऊन सांगितलं का?"

"तू भर की तिच्या नावानं. तुझा धनी हाय."

"नवस मी बोलले न्हाई. पोर माझं नव्हतं."

बोलाचाली वाढली. घाटावरच्या बाया धुणं सोडून बघत राहिल्या. शेवटी तानूनंच सूप उचललं आणि माघारी फिरली. त्या दिवसाचा माझा संताप अजून निवलेला नाही आणि निवायची मला घाईही नाही.

पुढं बिरा पलटणीत भरती झाला आणि त्याची पार सरहद्दीवर बदली झाली. तानूचा डोळा लागेना. "आक्का, नदीचं देणं राहिलंय. ती आठवण करील." बास, एवढंच बोलायची. तेव्हा आमच्या हवालदारांनी तोंड घातलं. पेन्शनीत आल्यापासून हे सोप्यात बसून सगळ्या देशाचा कारभार बघतात.

"अगं, नदी जाती कुठं? समुद्राला. हितं ठकूकाकी आडवी येती, तिथं कोन येनार हाय? समुद्रात जाऊन भरा ओटी. कृष्णामाई हितनं तिथवर जातीच की."

तानू बघतच राहिली. मी म्हणाले, "जाऊया."

निघताना

हे म्हणाले, "मी येतो की संगं." तानू म्हणाली, "दाजी, तुमी आला की ती तुमची सहल झाली. आमी मागनं डबा घेऊन चालायचं." ह्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही. उलट माळ्यावरनं आपला पलटणीतला पिट्टू काढला. पिट्टू म्हणजे शिपाई पाठीला बांधतात ती खाकी पिशवी. आमचा थोरला लेकही पलटणीतलाच, त्याचा जुना होता, तो तानूला दिला. जड खाली, हलकं वर, पट्टे खांद्याच्या हाडावर येऊ द्यायचे नाहीत, सगळं शिकवलं. नऊवारीवर पिट्टू बांधून आम्ही अंगणात फेऱ्या मारल्या. पदर पट्ट्यात अडकायचा, मान वाकडी व्हायची. हे ओरडायचे, "सीना तान के!" शेवटी पदर आधी कमरेला खोचायचा आणि मग पट्टे घालायचे, असं तानूनं शोधून काढलं. माझ्या पिट्टूत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. तिच्या पिट्टूत ओटी.

गावातनं जाताना पारावरनं एकानं विचारलं, "काय म्हाताऱ्यांनो, कुठल्या लढाईला?" तानू म्हणाली, "लढाई गावातच हाय. आमी जरा रजेवर चाललोय."

एक गोष्ट मला त्या प्रवासात कळली. बाई घराबाहेर पडायला जगानं चारच कारणं ठरवून दिलीत. देव, माहेर, दवाखाना आणि मयत. यष्टीत बसल्यापासनं जो तो विचारायचा, "कुठल्या देवाला निघाला?" समुद्राला म्हटलं की, "म्हंजे समुद्रावर कुठला देव?" आणि त्याच्या मागनं दुसरा प्रश्न ठेवलेलाच, "बरोबर कोन हाय?" मी तानूकडं बोट करायची, तानू माझ्याकडं करायची. "तसं न्हाई हो, बरोबर मानूस कोन?" म्हणजे आम्ही दोघी कोण होतो? गाठोडी? कोल्हापुरापासनं आंबोलीचा घाट उतरेपर्यंत मी हे ऐकलं. घाटात धुकं होतं, झाडांना शेवाळ होतं, दरी एवढी हिरवी की तानूनं खिडकीतनं डोकं आत घेतलं नाही. "हितल्या मेंढरांनी काय पुण्य केलंय," म्हणाली. शेजारचा म्हणाला, इथं मेंढरं नसतात. त्यावर ती त्या मुलखावर जी रुसली, ती पार घाट उतरेपर्यंत.

वेंगुर्लं

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही दोघी पिट्टूसकट वाळूत थबकलो. ऊस आडवा पडावा तसं पाणी लोळत येत होतं, उठत होतं, पुन्हा लोळत होतं. मग तानूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

"आक्का, एवढं पानी हितं पडलंय आन आमी एका हंड्यासाठी विहिरीच्या तळाला उतरत हुतो?"

पुढं जाऊन तिनं ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली. मी हसले. तिला हसू आलं नाही. "ह्यो कसला कारभार! एवढं दिलं आन पिता येऊ दिलं न्हाई!" तेवढ्यात एक लाट पायाखालनं वाळू घेऊन गेली आणि तानूची एक वहाणही. तिच्या वहाणा म्हणजे साध्या नव्हेत, काट्याकुट्यातनं मेंढरांमागं चालायच्या, खाली टायरचा जाड तळ लावलेल्या. एक गेली, एक राहिली. "चोरा!" म्हणून ती समुद्रावर ओरडली. वाळूत फिरायला आलेले एक टोपीवाले गृहस्थ थांबून बघू लागले.

आम्ही सूप मांडायला घेतलं. गृहस्थ जवळ आले. कुठनं आलात, ही विचारपूस झाली. बरोबर कोण, तेही झालं. मी म्हणाले, "कृष्णामाईची ओटी भरायला आलोय. आमच्या गावावरनं जाती ती."

ते आधी नीट बघत राहिले आणि मग हसायला लागले. चांगलं टोपी काढून हसले. "अहो बाई, कृष्णा इकडं कुठं येते? ती महाबळेश्वरला उगवते आणि पूर्वेला जाते. कर्नाटक, आंध्र करत पार दुसऱ्या समुद्राला मिळते. या समुद्रात तिचा थेंब नाही. चुकीच्या बाजूला आलात तुम्ही!"

माणूस खरं बोलत होता, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण खरं सांगताना एवढं हसावं लागतं का? कुणी सरणावरचं लाकूड मोजत असलं तरी हे हसतील. तानू त्या सुपाकडं बघत वाळूत बसली. एका पायात वहाण, एक पाय उघडा. नवऱ्यामागं रडली नव्हती एवढी ती तिथं रडली. "आक्का, ती मला हितं बी भेटली न्हाई."

मी सूप उचललं, ओटी पुन्हा पिट्टूत भरली. त्या दिवशी निजायला जागा शोधायची होती. एका खानावळीच्या मालकानं दोन रिकाम्या खोल्या असताना आम्हाला दारातनंच परत लावलं. "बायकांना एकट्या ठेवत नाही आम्ही." मी म्हणाले, "एकट्या कशा? दोघी आहोत." "तेच ते," म्हणाला. ह्याच्या हिशोबात एक आणि एक मिळूनसुद्धा कुणीच होत नाही! एका देवळाच्या ओवरीत पडलो. तिथंही आधी विचारलं, नवस कुठल्या देवाचा. तानूनं उत्तर दिलं, "देव चुकलाय आमचा. शोधतोय."

गोवा

सकाळी मी तानूला म्हणाले, "आता?" ती म्हणाली, "घरला." मला ठकूकाकीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. स्टँडवर एक यष्टी निघायला टेकलेली होती. मी तिला त्यात चढवलं.

"कुठं चाललीया ही?"

"जाईल तिकडं."

आमच्या दोन्ही घराण्यांत एखादी बाई विनाकारण निघाली असेल तर ती त्या सकाळी. ती गाडी गोव्याला गेली. लोकांनी तुला सांगितलेली मजा ती हीच.

तिथल्या वाळूवर गोरी पोरं-पोरी पडलेली असतात, अंगावर नावाला कपडे. आम्ही आधी पदर डोळ्यांवर ओढला. थोड्या वेळानं लक्षात आलं की आपण त्यांच्याकडं बघतोय, पण ती काही आपल्याकडं बघत नाहीत, मग पदर सोडला. नारळाच्या बागा, पांढरी देवळं, गुडघ्यापर्यंत झगा घातलेल्या म्हाताऱ्या बाया पाव विकत होत्या. पाव खाल्ला. कापूस चावल्यासारखा लागतो, पोटात गेला की नाही कळत नाही. भात मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ. तानूनं खानावळीत ज्वारीची भाकरी मागितली तर वाढप्यानं आम्ही त्याच्याकडं हत्ती मागितला असं तोंड केलं. माशाचं कालवण चांगलं होतं, ते खोटं कशाला बोलू. तानूच्या घशात काटा अडकला, तिनं माझ्या पिट्टूतली दशमी गिळून तो खाली ढकलला आणि म्हणाली, "बकऱ्याच्या हाडानं मला कवा असा तरास दिला न्हाई."

संध्याकाळी जागेचं तेच रडगाणं. एका लॉजवाल्यानं विचारलं, "पुरुष मंडळी?" मी म्हणाले, "गावाकडं, सोप्यात बसल्यात." "मग खोली नाही." आम्ही पायरीवर पिट्टू उतरवून बसलो. तेवढ्यात एक गोरी पोर आली. वीस-बावीसची असेल, केस पिंजारलेले, पाठीला आमच्यासारखीच पिशवी. एकटी. तिच्या मागं ना पुढं कुणी. लॉजवाला खुर्चीतनं उठला, हसला, किल्ली हातात दिली. कुठल्या देवाला, नाही विचारलं. बरोबर कोण, नाही विचारलं. नवरा कुठाय, बाप कुठाय, काही नाही!

माझं डोकंच फिरलं. मी आत जाऊन त्याला म्हणाले, "का रं बाबा, हिच्याबरोबर कोन मानूस दिसला तुला?"

"ते लोक वेगळे असतात, मावशी."

"आन आमी कोन? माझा नवरा देशासाठी हाडं गोठवून आला, हिचा ल्योक या घटकेला सरहद्दीवर उभा हाय. आमच्या देशात आमाला भिंतीच्या आत पडायला मिळत न्हाई?"

तो कागदांत तोंड घालून बसला. ती पोर मात्र परत बाहेर आली. तिला शब्द कळले नसतील, राग कळला. तिनं आधी आमच्या पिट्टूंकडं बघितलं, मग आपल्या पिशवीकडं, आणि जी हसली! ती हसली तेव्हा मला त्या टोपीवाल्याच्या हसण्यातलं काय चुकलं होतं ते कळलं. तिनं माझा पिट्टू उचलला, किल्ली दाखवली आणि चला म्हणून हात केला. लॉजवाला उठला. तिनं त्याला तिच्या भाषेत काय सुनावलं देव जाणे, तो पुन्हा बसला.

तेव्हा विमल, परक्या मुलखातल्या पोरीच्या ओळखीवर आम्हाला आमच्या देशात छप्पर मिळालं.

तिचं नाव काही आमच्या जिभेवर बसलं नाही. तानू तिला चांगुणा म्हणू लागली आणि ती ओ देऊ लागली. तानूनं तिला दशमी आणि खर्डा दिला. आम्ही खुणेनं सांगत होतो, जरा, जरा. तिनं लोणी लावावं तसा खर्डा लावला. पहिल्या घासाला डोळे पांढरे झाले, नाकातनं पाणी, खोलीभर नाचली. तानू तिच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणत होती, "रड, रड, मोकळी हो." सकाळी चांगुणानं आपल्या पिशवीतनं रबरी चपलांचा जोड काढून तानूच्या पायांत घातला. आणि आपली ती वेगळी वाट धरून एकटीच चालती झाली. तानू दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. म्हणाली, "हिच्या आईनं हिला सोडली कशी?" आणि मग जरा थांबून, "चांगलं केलं."

मालवण

येताना मालवणला उतरलो, कारण गाडी तिथंच बदलायची होती. समोर पाण्यात किल्ला उभा आहे. आमच्या मुलखात किल्ले डोंगरावर असतात, इथं महाराजांनी समुद्राच्या उरावर बांधलाय, हे बघून मला बरं वाटलं. म्हटलं, ह्या पाण्याला जाब विचारणारा कुणीतरी होता.

किनाऱ्यावर मासळीचा बाजार चालला होता. शेवंता नावाची एक बाई सुरमई कापत बसली होती. आमच्याच वयाची, कपाळ मोकळं. आमचे पिट्टू बघून तिनं विचारलं, "बायांनू, खयसून इलास?"

म्हणजे कुठनं आलात, आणि तेवढ्यावर थांबली! बरोबर कोण, नाही विचारलं. मला इतका उमाळा आला की मी तिथंच बसून तिला सगळं सांगितलं. तानूचा नवस, ठकूकाकी, टोपीवाला. ऐकताना तिचा कोयता थांबला नाही. मी पिट्टूतनं खण आणि हिरव्या बांगड्या काढून दाखवल्या, म्हटलं, कृष्णा नसली तरी पाणी ते पाणी, इथंच सोडू का? तेव्हा मात्र तिनं कोयता खाली ठेवला.

"दर्याक बांगड्यो? अगो, दर्यो बापयो आसा! तेका खण कित्याक? चोळी शिवतलो काय?"

आजूबाजूच्या सगळ्या बाया खो खो हसल्या. आणि तानूही हसली, निघाल्यापासनं पहिल्यांदा. नद्यांच्या ओट्या भरत जन्म गेला आमचा, समुद्र म्हणजे बाप्या असेल हे डोक्यात कसं यावं! त्याला फक्त नारळ देतात म्हणे. श्रावणातल्या पुनवेला सगळा गाव नारळ घेऊन किनाऱ्यावर येतो.

तानूनं हळूच विचारलं, "आन तुमी? तुमाला देऊ देत्यात?"

"कोण आडवतलो माका?" शेवंता म्हणाली. "माझो घो ह्याच दर्यान नेलो. होडी परत इली, तो नाय इलो. दर वरसाक मी हयसर उभी रवतंय, नारळ घालतंय आणि तेका सांगतंय, एक नेलंस, आता झिलाक हात लावलंस तर बघ. माझो हिशोब हा दर्याबरोबर. गावाचो काय संबंध?"

घो म्हणजे नवरा आणि झील म्हणजे लेक, एवढं मला उमगलं. मी कीर्तनं पुष्कळ ऐकली. इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तानू उठली. पिट्टूतला नारळ घेतला, चांगुणाच्या चपला नीट वर वाळूत काढून ठेवल्या, कारण आता अक्कल आली होती, आणि गुडघाभर पाण्यात गेली. काय पुटपुटली मला ऐकू आलं नाही. नारळ टाकला. लाटेनं घेतला, आत नेला, जरा खेळवला आणि सरळ तिच्या पायांशी आणून टाकला. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा आला. तानू कंबरेवर हात ठेवून समुद्राला म्हणाली, "वहाण घेतलीस ती दे की मग!"

मागनं शेवंता ओरडली, "घे तो! तेणां परत दिलो, तो तुझो. घरा घेवन जा!"

तो ओला नारळ पुसून तानूनं पिट्टूत, खणाच्या घडीवर ठेवला. मग गाडीत बसलो. फोंड्याचा घाट चढताना म्हणाली, "आक्का, आपली कृष्णामाई महाबळेश्वराला जन्मली, तिथनं ह्यो समुद्र किती जवळ. हाकंच्या अंतरावर. आन ती त्याच्याकडं पाठ करून उलटीच निघाली. एवढा मुलूख एकटी तुडवत गेली."

"गेली खरी."

"तिला कुनी इचारलं आसंल का गं, बरोबर कोन हाय म्हनून?"

आमचा घाट

फाट्यावर उतरलो तशी तानू घराकडं वळली नाही, नदीकडं वळली. कार्तिकातलं पाणी, काठोकाठ आणि निवळ. घाटावर धुणं चाललेलं. ठकूकाकी वरच्या पायरीवर हळद लावलेले पाय उन्हात घेऊन बसलेली. आमचे पिट्टू आणि तानूच्या पायांतल्या रबरी चपला बघून ती आधी हसायच्या बेतात होती. तानूनं खण काढला तेव्हा तिचं तोंड मिटलं.

"तानू, पाय मागं घे. एकदा सांगितलंय."

तानूनं आवाज चढवला नाही. "काकी, नवस माझा. पोर माझं. नदी समद्यांची. ह्यातलं तुझं काय हाय ते सांग, तेवढं मी सोडते."

ठकूकाकीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? उत्तर दे की तिला."

ठकूकाकीनं आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. धुणं धुणाऱ्या बायांतली एक, कुंभाराची सून, तिनं आपला पिळा बाजूला सरकवला आणि पायरी मोकळी करून दिली. एवढंच केलं तिनं, पण केलं. तानू कंबरभर पाण्यात गेली. खण सोडला, तांदूळ सोडले, हिरव्या बांगड्या सोडल्या, आणि सगळ्यात शेवटी दर्यानं परत केलेला तो नारळ. नदीनं तो परत आणला नाही. घेऊन पूर्वेकडं निघाली.

घरी ह्यांना म्हणाले, "काय हो, कृष्णा त्या समुद्राला जातच न्हाई!" हे म्हणतात कसे, "मला कुठला समुद्र ते तुमी कुठं इचारलं हुतं?"

बिरा सुखरूप आहे. पण त्यावरनं मी काही सिद्ध करत नाही. तानूला झोप लागते, एवढं मला पुरे.

आता तुझं. संक्रांतीला मी तानूसकट सगळ्यांना हळदी-कुंकवाला बोलावलं तर ठकूकाकीच्या धाकानं ओसरी निम्मी रिकामी होती. तिळगूळ उरला, तो ह्यांनी संपवला. मला त्याचं दुःख नाही. दुःख तुझ्या निरोपाचं आहे. तुला सातवा लागेल, तुझी ओटी माझ्या घरी भरायची हे तुझी आई असताना ठरलंय. ती मी भरीन, आणि माझ्याआधी तानू भरेल. तिनं तुझ्यासाठी मेंढराच्या मऊ लोकरीचं बाळाचं घोंगडं विणायला घेतलंय. तुझ्या निरोपाचं तिला मी सांगितलेलं नाही. तू येईपर्यंत सांगणारही नाही, आणि आलीस की सांगायची गरज उरणार नाही.

तू म्हणशील, मावशी, सासूबाई विचारतील, बरोबर कोण? तर त्यांना हात धरून तुमच्या वाईच्या घाटावर, कृष्णामाईपाशी ने. तुझ्या पायरीला लागून गेलेलं पाणी पुढं आमच्या दारावरनं जातं. रोज येतं, कुणाला न विचारता, कुणाच्या सोबतीशिवाय. ते पाणी येतं आणि तूच तेवढी येत नाहीस.

ये बाई. जड पावलांचे दिवस लागायच्या आत ये. पहिल्या यष्टीनं ये. फाट्यावर आम्ही दोघी उभ्या असू, पिट्टू लावून, म्हणजे लांबनं ओळखशील.